कंट्रोलर खाली ठेवलाय, तरी खेळाडू चालतोय

मेनू उघडला की निवड आपोआप तळाशी घसरत जाते. कोणी हात लावलेला नसताना कॅमेरा आकाशाकडे वळतो. दोघी बहिणी शेजारी बसतात, दोघींच्या हातात वेगळा कंट्रोलर, आणि पडद्यावर मात्र दोघी एकाच खेळाडूला पळवतात. बटण एकदा दाबलं तर उड्या दोन पडतात. पीसीवर गेम खेळणारे वाचक ही चार गाऱ्हाणी वारंवार सांगतात, आणि त्यापाठोपाठ प्रश्न ठरलेला असतो : गेम काढून पुन्हा टाकू, की नवा कंट्रोलर घेऊ?

घाईने दोन्ही करू नका. गेम बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याला कुठल्या तरी उपकरणाकडून इशारा येतो आणि तो पाळतो. तो इशारा नेमका कोण देतंय हे आधी शोधायचं, आणि मग फक्त त्यालाच गप्प करायचं. हा क्रम उलटा केला की पैसे आणि सुट्टीचा दिवस दोन्ही वाया जातात.

पुढचं मार्गदर्शन मुख्यतः विंडोज असलेल्या पीसीसाठी आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. कन्सोलवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पहिलं काम : सगळं काढा, एकेक जोडा

१. गेम पूर्ण बंद करा. सगळे कंट्रोलर, स्टिअरिंग व्हील, पेडल, जॉयस्टिक आणि बिनतारी कंट्रोलरचे डाँगल काढा. ब्लूटूथही बंद करा. फक्त कीबोर्ड आणि माउस राहू द्या.

२. गेम सुरू करा. त्रास थांबला असेल तर दोषी काढलेल्या वस्तूंपैकीच एक आहे. थांबला नसेल तर कीबोर्डची एखादी कळ अडकलेली असेल, किंवा सॉफ्टवेअरने तयार केलेला आभासी कंट्रोलर चालू असेल. त्याबद्दल पुढे येईलच.

३. आता एकेक उपकरण जोडा. प्रत्येक वेळी गेम बंद करून पुन्हा सुरू करा. हे कंटाळवाणं आहे, पण बरेच गेम उपकरणांची यादी फक्त सुरू होताना वाचतात. मध्येच वायर जोडून किंवा काढून पाहिलं तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

४. ज्या उपकरणानंतर त्रास परतला त्याचं नाव लिहून ठेवा.

माझ्या तीन संध्याकाळी एकदा अशाच गेल्या. एका साध्या साहस-गेममध्ये कॅमेरा सारखा उजवीकडे गरगरत होता. मी कंट्रोलर बदलला, ड्रायव्हर बदलला, गेमच्या फाइल्स तपासून घेतल्या. कारण शेवटी टेबलाखाली सापडलं. ट्रकच्या गेमसाठी घेतलेल्या पेडलची वायर तशीच लावलेली होती. कंट्रोलरची स्टिक सोडली की मध्यावर येते. पेडल मात्र सोडलं की एका टोकाला जाऊन थांबतं. ज्या गेमला पेडल हा प्रकारच माहीत नाही, तो त्या टोकाच्या आकड्याचा अर्थ ‘कोणीतरी स्टिक पूर्ण दाबून धरली आहे’ असा लावतो. विमानाच्या थ्रॉटलचंही असंच होतं. म्हणून पेडल, थ्रॉटल किंवा व्हील घरात असेल तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

विंडोजला काय दिसतंय ते पाहा

स्टार्ट मेनूत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधा. सापडलं नाही तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं टाइप करून एंटर करा. एक छोटी चौकट उघडेल. विंडोज ज्याला गेम कंट्रोलर मानतं त्या सगळ्यांची यादी तिथे असते.

हातात दोन कंट्रोलर असताना यादीत तीन किंवा चार नावं दिसली, तर गोंधळाचं मूळ सापडलं म्हणून समजा. प्रत्येक नाव निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. कंट्रोलर टेबलावर ठेवून द्या आणि चाचणीच्या पानावरच्या अधिकच्या खुणेकडे पाहा. ती चौकटीच्या मध्यावर स्थिर असावी. ती थरथरत असेल किंवा एका कडेला जाऊन बसली असेल, तर नकोसा इशारा तिथूनच येतो आहे.

याच चौकटीत कॅलिब्रेशनची सोय आहे. ती जपून वापरा. कॅलिब्रेट करताना स्टिक नीट फिरवली नाही, तर चांगल्या कंट्रोलरलाही मध्य सापडेनासा होतो. आधी कोणी तसं केलं असेल अशी शंका असेल, तर ‘रिसेट टू डिफॉल्ट’ करून मग पुढची तपासणी करा.

नको असलेलं उपकरण काढून ठेवता येत नसेल, उदाहरणार्थ व्हील टेबलाला पक्कं बसवलेलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली त्याची ‘एचआयडी-कंप्लायंट गेम कंट्रोलर’ ही नोंद दिसेल. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ निवडा. ‘अनइन्स्टॉल’ निवडू नका, कारण पुढच्या वेळी पीसी सुरू झाला की ते उपकरण परत येतं. त्या यादीत एकसारख्या नावांच्या बऱ्याच नोंदी असतात आणि कीबोर्ड-माउसच्या नोंदीही तिथेच असतात. वायर काढून कोणती नोंद नाहीशी होते ते पाहा, मगच हात घाला.

एक दाब, दोन उड्या

प्लेस्टेशनचा कंट्रोलर पीसीला जोडणाऱ्या घरांत ही तक्रार सर्वाधिक असते. पीसीवरच्या पुष्कळ गेमना फक्त एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची भाषा कळते. म्हणून लोक डीएस४विंडोजसारखं सॉफ्टवेअर वापरतात. ते खऱ्या प्लेस्टेशन कंट्रोलरचे इशारे घेतं आणि एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं. आता गेमला दोन कंट्रोलर दिसतात, एक खरा आणि एक आभासी. दोन्हीकडून एकच बटण येतं, आणि उडी दोनदा पडते.

दुभाषा एकच ठेवा. पर्याय तीन आहेत :

- गेम प्लेस्टेशन कंट्रोलर थेट ओळखत असेल, तर डीएस४विंडोज बंद करा. दुसरं काही लागत नाही.

- गेम स्टीमवरचा असेल, तर स्टीमची स्वतःची सोय पुरते. लायब्ररीत गेमच्या नावावर उजवी क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंट्रोलर’ उघडा. तिथे स्टीम इनपुट चालू, बंद किंवा मूळ सेटिंगप्रमाणे ठेवता येतं, आणि तेही प्रत्येक गेमसाठी वेगळं. स्टीम इनपुट चालू ठेवलं तर डीएस४विंडोज बंद हवं, आणि डीएस४विंडोज हवं असेल तर त्या गेमसाठी स्टीम इनपुट बंद. दोन्ही चालू ठेवणं ही यातली नेहमीची चूक.

- गेम दुसरीकडचा असून दुभाषा लागतोच असं असेल, तर हिडहाइड नावाचं मोफत सॉफ्टवेअर खरा कंट्रोलर गेमपासून लपवतं. त्यात कंट्रोलरवर खूण करा, लपवण्याची सोय चालू करा, आणि डीएस४विंडोजला परवानगीच्या यादीत टाका. नाहीतर त्यालाही कंट्रोलर दिसणार नाही.

हिडहाइडचा एक धोका मला ठळकपणे सांगायचा आहे. काही महिन्यांनी तुम्ही डीएस४विंडोज काढून टाकता, पण लपवण्याची खूण तशीच राहते. मग कंट्रोलर जोडला की दिवा लागतो, चार्जिंग होतं, पण एकाही गेमला तो दिसत नाही. असे धडधाकट कंट्रोलर ‘मेले’ म्हणून अडगळीत जातात. खूण काढली की तो पुन्हा चालू लागतो.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. कंट्रोलर ब्लूटूथने जोडलेला असताना चार्जिंगसाठी वायरही लावली, तर काही वेळा तो दोनदा नोंदला जातो. आणि स्टीम पाठीमागे चालू असेल तर त्याचा ‘डेस्कटॉप लेआउट’ कंट्रोलरच्या हालचाली माउस आणि कीबोर्डमध्ये बदलू शकतो. दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेममध्ये स्टिक हलवताच माउसचा बाण पळू लागला, तर स्टीम पूर्ण बंद करून पाहा.

पहिला खेळाडू कोण?

एक्सबॉक्सच्या पद्धतीने, म्हणजे एक्सइनपुटने, जोडलेल्या कंट्रोलरसाठी विंडोजमध्ये चार जागा असतात. एकट्याने खेळायचे पुष्कळ गेम फक्त पहिल्या जागेकडे पाहतात. तिथे एखादा आभासी कंट्रोलर आधीच बसला असेल, तर तुमचा खरा कंट्रोलर दुसऱ्या जागी जातो आणि गेमला तो ऐकूच येत नाही.

जागा बहुधा जोडण्याच्या क्रमाने मिळतात. म्हणून सगळे कंट्रोलर काढा, गेम बंद करा, आधी पहिल्या खेळाडूचा कंट्रोलर जोडा, मग दुसऱ्याचा, आणि शेवटी गेम सुरू करा. स्टीमच्या ‘बिग पिक्चर’ मोडमध्ये हा क्रम हाताने बदलता येतो. स्टीम डेक टीव्हीला लावून खेळणाऱ्यांना तर हे करावंच लागतं, कारण डेकची स्वतःची बटणं पहिली जागा धरून बसतात.

दोन कंट्रोलरनी एकच खेळाडू हलत असेल तर गेमचा मोड पाहा. एकट्याच्या मोडमध्ये काही गेम सगळ्या कंट्रोलरचं बोलणं एकत्र करून ऐकतात. दोघांच्या मोडमध्ये शिरून दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट किंवा गेम सांगेल ते बटण दाबल्याशिवाय दुसरा खेळाडू जन्मालाच येत नाही. काही गेम कीबोर्डलाच पहिला खेळाडू धरतात. मग एकच कंट्रोलर जोडला असला तरी तो दुसऱ्याचा ठरतो.

जुने गेम कधी कधी एकच उपकरण घेतात. त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या चौकटीत ‘अॅडव्हान्स्ड’ बटण आहे. जुन्या प्रोग्रॅमनी कोणतं उपकरण वापरावं ते तिथे ठरवता येतं.

स्टिक आपोआप सरकते तेव्हा

एकच कंट्रोलर जोडला आहे, यादीतही तो एकच दिसतो, तरी खेळाडू हळूहळू डावीकडे चालतो. हा ‘ड्रिफ्ट’. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक छोटी पट्टी दुसऱ्या पट्टीवर घासत फिरते आणि तिच्या जागेवरून स्टिकची दिशा कळते. घासून ती झिजते, मधे धूळ जाते, आणि सोडलेली स्टिकही ‘थोडी कललेली’ म्हणून नोंदली जाते. निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये हा दोष इतका गाजला की कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जून २०२० मध्ये ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

यावर पहिला उपाय डेड झोन. मध्याभोवतालच्या ठरावीक भागातली हालचाल गेमने मोजायचीच नाही, असा त्याचा अर्थ. गेमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये किंवा स्टीममध्ये तो मिळतो. असा ठरवा :

- डेड झोन शून्यावर आणा.
- स्टिक चारही बाजूंना नेऊन हलकेच सोडा. प्रत्येक बाजूने परतताना ती वेगळ्या जागी थांबू शकते.
- आता दोन-दोन टक्क्यांनी वाढवत जा. चारही बाजूंनी सोडल्यावर हालचाल थांबली की तिथेच थांबा.

जास्त वाढवला तर बारीक नेम साधता येत नाही आणि गाडी वळणावर झटके खाते. अंदाजासाठी एक आकडा देतो. एक्सइनपुटमध्ये स्टिकची एका बाजूची मर्यादा ३२,७६७ आहे, आणि मायक्रोसॉफ्टने गेम बनवणाऱ्यांना सुचवलेला डेड झोन डाव्या स्टिकसाठी ७,८४९ आणि उजव्यासाठी ८,६८९ आहे. म्हणजे साधारण पाव भाग. याच्याही पुढे जावं लागत असेल तर स्टिक झिजली आहे, सेटिंगने ती बरी होणार नाही.

ट्रिगरलाही डेड झोन असतो. गाडी आपोआप रांगत असेल तर तो पाहायला विसरू नका. घरात कोणाचा हात थरथरत असेल तर मोठा डेड झोन त्यांच्यासाठी दोष नसून गरज आहे. तो वेगळ्या प्रोफाइलमध्ये साठवून ठेवा, म्हणजे इतरांनी बदलला तरी त्यांचा हरवणार नाही.

नवा कंट्रोलर घेणार असाल तर खोक्यावर ‘हॉल इफेक्ट’ किंवा ‘टीएमआर’ हे शब्द शोधा. यात दिशा चुंबकाने मोजतात, काही घासत नाही, त्यामुळे अशी झीज होत नाही. हे तंत्र नवं नाही. १९९८ मध्ये आलेल्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते होतं. ज्या घरात कंट्रोलर रोज वापरला जातो तिथे माझा कौल अशाच स्टिकला आहे.

स्वस्त पॅडवरची दोन बटणं

स्वस्त गेमपॅडवर ‘टर्बो’ आणि ‘मोड’ किंवा ‘अॅनालॉग’ अशी बटणं असतात. लहान मुलांच्या हातून ती हमखास दाबली जातात.

टर्बो लागला की धरून ठेवलेलं बटण सेकंदात अनेकदा दाबल्यासारखं जातं. फलंदाज एकदाच बॅट फिरवण्याऐवजी थरथरत राहतो. टर्बो आणि ते बटण एकत्र पुन्हा दाबलं की बहुधा सुटतो. काही पॅडवर त्यासाठी वेगळं ‘क्लिअर’ असतं.

मोड बदलला की काही पॅडवर डावी स्टिक दिशांच्या बटणांसारखी वागू लागते. काहींमध्ये पॅडची भाषाच बदलते आणि उजवी स्टिक भलत्याच कामाला लागते. पॅडवरच्या दिव्याचा रंग बदलला आहे का पाहा आणि सोबतच्या कागदातला तक्ता जपून ठेवा.

बिनतारी जोडणीचा अडथळा

धावता धावता जोडणी क्षणभर तुटली, तर गेम शेवटचा इशारा धरून बसतो आणि खेळाडू भिंतीवर धडकेपर्यंत पळत राहतो. बॅटरी तपासा. मग डाँगल कुठे लावला आहे ते पाहा. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अडथळा निर्माण होतो, आणि बहुतेक बिनतारी कंट्रोलर त्याच पट्ट्यात बोलतात. बाहेरची हार्ड डिस्क आणि डाँगल शेजारी लावू नका. एखाद्या साध्या एक्स्टेन्शन वायरने डाँगल पुढे, टेबलावर आणा.

विमान आणि ट्रकचे गेम

इथे एकाहून जास्त उपकरणं मुद्दामच लावलेली असतात, म्हणून काढून टाकणं हा उपाय नाही. अडचण वेगळी आहे. गेम प्रत्येक नव्या उपकरणाला स्वतःहून कामं वाटून देतो. डीसीएस वर्ल्डमध्ये जॉयस्टिक, थ्रॉटल आणि पेडल तिन्हींवर विमानाचा कल आणि वळण बांधलेलं सापडतं, आणि विमान हवेत भांडत राहतं. नियंत्रणाच्या तक्त्यात प्रत्येक उपकरणाचा स्तंभ पूर्ण रिकामा करा आणि हवं तेवढंच परत भरा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये प्रत्येक उपकरणाचं प्रोफाइल वेगळं असतं. जे उपकरण नको त्याला रिकामं प्रोफाइल द्या. हे काम तासभराचं आहे. झाल्यावर प्रोफाइलची प्रत ठेवा.

कंट्रोलरचा दोष नसतो तेव्हा

- एकाच कीबोर्डवर दोघे खेळताना शिफ्ट पाच वेळा दाबली गेली की ‘स्टिकी कीज’ची खिडकी मध्येच येते. सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’, मग ‘कीबोर्ड’ इथे तो शॉर्टकट बंद करा.
- कंट्रोलरच्या मधल्या बटणाने गेम बार उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘गेमिंग’, ‘गेम बार’ इथे ती परवानगी काढा.

कन्सोलवर

कन्सोल क्रम स्वतःच सांभाळतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ ला चार कंट्रोलर जोडता येतात. प्लेस्टेशन ४ वर दिव्याचा रंग निळा, लाल, हिरवा, गुलाबी असा पहिल्यापासून चौथ्यापर्यंत असतो. स्विचवर ‘चेंज ग्रिप/ऑर्डर’ पानावर क्रम नव्याने लावता येतो. एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर एकाच खेळाडूला हलवत असतील, तर ‘कोपायलट’ नावाने आलेली सोय चालू राहिली आहे का पाहा. लहान मुलाला किंवा अपंग खेळाडूला मदत करता यावी म्हणून ती आहे आणि त्यासाठी फार उपयोगी आहे. गरज नसेल तेव्हा बंद ठेवा.

दोष कंट्रोलरचाच निघाला तर

वॉरंटीत असेल तर उघडू नका. तुम्ही स्क्रू फिरवला की बहुतेक कंपन्यांना नकार द्यायला कारण मिळतं. त्याऐवजी पुरावा तयार करा. कंट्रोलर टेबलावर ठेवलेला आणि पडद्यावर सरकणारी खूण एकाच चौकटीत दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि तो दुसऱ्या पीसीवरही काढा, म्हणजे ‘तुमच्या मशीनचा दोष’ हे उत्तर देता येणार नाही.

भारतात खरेदी केली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे :

- ऑनलाइन विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आदेश आहे. फोनवर बोलून थांबू नका, लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक ठेवा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

दोष गेमचा असेल, म्हणजे तो तुमचा कंट्रोलर घेतच नसेल, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास पूर्ण होण्याआधी पैसे परत मागता येतात. गेम चालू ठेवून सेटिंगशी झगडण्यात गेलेला वेळही या दोन तासांत मोजला जातो. म्हणून नवा गेम घेतला की कंट्रोलर पहिल्या अर्ध्या तासातच तपासून घ्या.